ताल कुणाच्या हातात?

२०१९ सालच्या ८ मार्चची गोष्ट. तालुक्याच्या गावी तहसील कचेरीवर आमचा मोर्चा होता. दीडशेच्या आसपास बायका आल्या होत्या. घोषणा, निवेदन, भाषणं, सगळं ठरल्याप्रमाणे होतं. फक्त ढोलकी वाजवणारे भाऊ आले नाहीत. हे भाऊ दुसऱ्या एका संघटनेचे कार्यकर्ते. स्वभावाने भले, बायकांच्या कार्यक्रमाला कधी नाही म्हणत नाहीत. त्या दिवशी त्यांच्या घरातच लग्न होतं, त्यांचा काही दोष नव्हता. ढोलकी आमच्या कार्यालयातच असते, ती आम्ही बरोबर नेलीही होती. पण वाजवायची कुणी? एकीने चार थापा मारून पाहिल्या आणि लाजून खाली ठेवली. मग नुसत्या टाळ्यांवर गाणं सुरू केलं. पुढची रांग पुढे पळाली, मागची मागे राहिली. दुसऱ्या कडव्यापर्यंत एकाच गाण्याची दोन गाणी झाली आणि तिसऱ्या कडव्याला आम्हीच हसून थांबलो. बंदोबस्तावरचे पोलीसही हसले.

त्या संध्याकाळच्या बैठकीत मी एक साधा प्रश्न विचारला. स्त्रीमुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' हे नाटक १९८३ साली आलं. ते पाहून माझ्यासारख्या कितीतरी जणी चळवळीत आल्या, आणि तेव्हापासून आम्ही गातोच आहोत. गाणी आमची, शब्द आमचे, गळे आमचे. मग इतक्या वर्षांत आमच्यातली एकही बाई ढोलकी वाजवायला का शिकली नाही?

उत्तरं भराभर आली. "वेळ कुठे असतो, ताई?" "शिकवणार कोण?" "सासूबाई म्हणतील, आता हेच राहिलं होतं." "हात दुखतात." आणि एक जण हळूच म्हणाली, "मांडीवर ढोलकी घेऊन, पाय पसरून बसायचं... चारचौघांत कसं दिसेल ते?" हे शेवटचं उत्तर मला सगळ्यात खरं वाटलं. पेटी वाजवताना बाई अंग आवरून बसू शकते, टाळ वाजवताना उभी राहू शकते. ढोलकीला आणि तबल्याला मात्र ऐसपैस बसावं लागतं, कोपरं मोकळी लागतात, जोर लावून आवाज काढावा लागतो. लहानपणापासून आम्हाला नेमकं याच्या उलट शिकवलेलं असतं.

माझं स्वतःचंच सांगते. मी नऊ-दहा वर्षांची असताना गावातल्या एका गुरुजींकडे गाणं शिकायला जात होते. कोपऱ्यात तबला-डग्गा झाकून ठेवलेला असायचा. एकदा गुरुजी बाहेर गेलेले पाहून मी त्यावर हात ठेवला. चांगला घुमला. गुरुजींनी आल्यावर रागावून नव्हे, अगदी मायेने सांगितलं, "बाळ, मुलींची बोटं राठ होतात त्याने. तू पेटी शीक." माझ्या भावाला मात्र तबल्याला बसवलं. तो सहा महिन्यांत कंटाळून सोडून गेला. त्याला सोडण्याचं स्वातंत्र्य मिळालं, मला धरण्याचंही नव्हतं.

लय होती, ताल नव्हता

याचा अर्थ बायकांना लय कळत नाही असा कुणी घेईल तर ते साफ खोटं आहे. जात्याच्या फेऱ्यावर ओवी बांधणाऱ्या बायकांना लय शिकवायला कोण गेलं होतं? हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या सगळ्या दगडाच्या फिरण्याशी सांधलेल्या आहेत. झिम्म्यात स्वतःची टाळी आणि समोरचीची टाळी यांचा हिशेब चुकत नाही. फुगडीत तोंडाने फू-फू करत श्वासाचा ठेका धरतात. लावणी नाचणाऱ्या बाईच्या पायांत तालाचं किती बारीक ज्ञान असतं, हे तिची आणि ढोलकीची जुगलबंदी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. पण तिथेही बहुतेकदा घुंगरू बाईच्या पायात आणि ढोलकी पुरुषाच्या हातात, अशीच वाटणी असते.

म्हणजे लय आमच्या अंगात होती. तिला नाव देणं, ती मोजणं, दुसऱ्याला शिकवणं आणि वाद्यावर वाजवणं, हा भाग आमच्याकडे येऊ दिला नाही. ज्याला शास्त्र म्हणतात ते हेच. सैपाकाचंही असंच नाही का? घरात आम्ही रांधायचं आणि लग्नात पगारी आचारी पुरुष!

काही बायकांनी ही भिंत फोडली, त्यांची नावं आपल्याला पाठ असायला हवीत. मुंबईच्या आबान मिस्त्री (१९४०-२०१२) यांनी तबल्याचं एकलवादन केलं, आणि पखवाज व तबल्याच्या घराण्यांवर हिंदीत संशोधनग्रंथही लिहिला. मुंबईच्याच अनुराधा पाल यांनी १९९६ साली 'स्त्रीशक्ती' हा बायकांचा वाद्यवृंद उभा केला. दक्षिणेत सुकन्या रामगोपाल यांनी घटम हातात घेतला. पण अशा एकेका बाईची पुण्याई आमच्या तालुक्यापर्यंत पोचायची कशी? त्यांच्या गुरूंचं घर, शहर, पैसा, घरच्यांचा पाठिंबा हे सगळं आमच्या भाजी विकणाऱ्या मैत्रिणीने कुठून आणायचं?

फोनवरचा मास्तर

ते दार उघडलं २०२० च्या टाळेबंदीत, आणि तेही अगदी अनपेक्षित रीतीने. बैठका बंद होत्या. आमच्यातल्या एका अंगणवाडी सेविकेच्या मुलीने फोनवर तबल्याचे धडे शोधून दिले. फुकट होते. आधी मी एकटीने पाहिले, मग बाकीच्यांना पाठवले.

पहिल्या धड्यात वाद्य नव्हतंच, नुसते हात होते. मास्तर म्हणाले, आधी टाळी शिका. त्रितालाच्या सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर हात उलटा करून हवेत सोडायचा, ती खाली किंवा काल. पहिली मात्रा म्हणजे सम, फिरून फिरून तिथेच यायचं. दुसऱ्या धड्यात केरवा, आठ मात्रांचा: धा गे ना ती, न क धी ना. पहिल्या मात्रेवर टाळी, पाचवीवर खाली. तिसऱ्यात दादरा, सहा मात्रा: धा धी ना, धा ती ना. आपली बहुतेक मोर्चातली गाणी या दोन ठेक्यांत बसतात, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. चाळीस वर्षं गात होते, पण आपण काय गातो आहोत त्याचं नाव माहीत नव्हतं.

आमच्या गटातल्या सत्तरीच्या मावशींना मी खालीची गोष्ट सांगितली, की इथे आवाज काढायचा नाही, पण मात्रा मोजायची, ती रिकामी असली तरी जागा तिची असते. त्या म्हणाल्या, "अगं, झिम्म्यात समोरची चुकली की आपण हात हवेत ठेवतो आणि पुढची टाळी बरोबर धरतो. तेच की हे." मी बघतच राहिले. धडा मी चार दिवस पाहत होते, अर्थ त्यांनी एका वाक्यात सांगितला.

या धड्यांनी काय दिलं ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. एक तर वेळ. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत असं आढळलं, की घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ९७ मिनिटं. संध्याकाळी पाच ते सहाचा क्लास हा अशा बाईसाठी नसतोच. फोनवरचा धडा रात्री भांडी घासून झाल्यावरही पाहता येतो, मूल रडलं तर थांबवता येतो. दुसरं म्हणजे चुकण्याची मुभा. वेग निम्मा करता येतो, तोच तुकडा वीस वेळा पाहता येतो आणि मास्तर एकदाही सुस्कारा टाकत नाहीत. ज्या बाईला शाळेत 'ढ' म्हणून मागे बसवलं होतं, तिला याचं मोल विचारा.

तिसरी गोष्ट दबक्या आवाजात बोलली जाते, म्हणून मी इथे स्पष्ट लिहिते. गुरूचं घर, बंद खोली, गुरूचा शब्द शेवटचा, हात धरून शिकवायची विद्या. या सगळ्यात मुली सुरक्षित असतातच असं नाही. २०१८ साली चेन्नईच्या संगीतक्षेत्रातल्या बायका छळाबद्दल उघड बोलल्या, आणि तिथल्या संगीत अकादमीने काही कलाकारांना त्या वर्षीच्या डिसेंबरच्या मैफलींतून वगळलं. गुरुभक्तीच्या नावाखाली किती गिळलं जातं याची ती फक्त झलक होती. पडद्यावरच्या मास्तरांना हात लावता येत नाही, ही काही आईबापांना आणि मुलींना मोठी सोय वाटते. त्यात वावगं काही नाही. मात्र खोलीच सुरक्षित करायची सोडून मुलीला पडद्यापुढे बसवणं हा त्यावरचा इलाज होऊ शकत नाही.

पण फोन कुणाचा?

आता दुसरी बाजू. धडे फुकट आहेत, पण फोन कुणाचा? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ५४ टक्के बायकांनी स्वतः वापरता येईल असा फोन असल्याचं सांगितलं. कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका होत्या तेहतीस टक्के, पुरुष सत्तावन्न. आमच्या अठरा जणींत स्वतःचा म्हणावा असा स्मार्टफोन सात जणींकडे होता. बाकीच्यांना नवरा किंवा मुलगा घरी आल्यावर मिळायचा, तोही "काय बघतेस?" या प्रश्नासकट. एका मैत्रिणीने नवऱ्याला "बचतगटाचं ट्रेनिंग आहे" असं सांगितलं. खोटं बोलल्याचं तिला वाईट वाटत होतं. मला मात्र ते खोटं वाटलंच नाही.

दुसरी अडचण हाताची. पडद्यावरचा मास्तर आपला हात पाहू शकत नाही. एका मैत्रिणीने महिनाभर समोरच्या चित्राकडे बघून सराव केला आणि मास्तरांचा उजवा तो तिने आपला डावा केला. बोलणार कोण? दुसरीचं मनगट सुजलं, कारण ती बोटांऐवजी सगळा दंड आपटत होती. शिकवणाऱ्याने एकदा मनगट धरून सैल केलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

तिसरी अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. धड्याबरोबर वाजवताना आपण नेहमी मास्तरांच्या मागे धावत असतो. ते आपल्यासाठी थांबत नाहीत, आपण चुकलो तरी त्यांची लय बिघडत नाही. त्यामुळे आपल्याला वाटतं, आपल्याला आलं. फोन बंद केला की कळतं, लय त्यांची होती. मग आम्ही टाळेबंदीत फोनवरच एकत्र बसून, एकमेकींना बघत वाजवून पाहिलं. तर आणखी गंमत. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो. बोलताना तो जाणवत नाही, पण टाळी देताना प्रत्येकीला वाटतं दुसरी मागे आहे. सगळ्या एकमेकींसाठी थांबत थांबत लय इतकी मंदावली की शेवटी हसून बंद करावं लागलं. तेव्हा पटलं की एकत्र लय धरायला एकच हवा, एकच जमीन लागते.

म्हणून निर्बंध उठल्यावर आम्ही दर बुधवारी दुपारी कार्यालयात जमू लागलो. सतरंजीच्या मधोमध फोन, तो स्टीलच्या पातेल्यात ठेवायचा म्हणजे आवाज मोठा येतो. धडा आधी सगळ्यांनी मिळून पाहायचा. मग फोन बंद. मग टाळ्या, तोंडाने बोल, आणि मग पाळीपाळीने ढोलकी. एकीचा हात दुसरी बघते. चुकलं की मावशी सांगतात. त्यांना 'केरवा' हा शब्द माहीत नव्हता, पण चूक ऐकू यायची. धडा फोनवरचा, पण शिकवणी आम्ही एकमेकींची घेतली.

हलगीचा प्रश्न

या बुधवारांत एक वाद झाला, तो लपवणं बरं नाही. मी उत्साहाने म्हटलं, तबल्या-ढोलकीचे धडे ढिगाने मिळतात, हलगीचे त्या मानाने कमी. आपण हलगीही शिकूया, ती तर कष्टकऱ्यांची. आमच्यातली एक मैत्रीण, जिच्या आजोबांनी आणि वडिलांनी हलगी वाजवली, ती शांतपणे म्हणाली, "ताई, तुम्हाला ती हौस आहे. आमच्याकडे ते जातीचं काम होतं. बोलावलं की जायचं, उन्हात वाजवायचं, उष्टं घेऊन यायचं. माझ्या बापाने ती टाकली तेव्हा घरात आनंद झाला होता. मी ढोलकी शिकेन. हलगीचं मला विचारू नका."

मी गप्प झाले. कातडं कमावणाऱ्या, मढवणाऱ्या हातांना अस्पृश्य ठरवायचं आणि त्याच कातड्यावरच्या काही तालांना शास्त्र म्हणायचं, ही या समाजाची रीत. आणि माझ्यासारखीला दोन्ही सोयीस्कर! वर्षभराने तीच मैत्रीण एक दिवस वडिलांची जुनी हलगी घेऊन आली. म्हणाली, "वाजवायची तर मी ठरवीन तेव्हा." ती कधी वाजवते, कधी वाजवत नाही. कुणी आग्रह करत नाही. ताल कुणाच्या हातात, या प्रश्नात 'कुणाच्या मर्जीने' हेही आलं, हे मी तिच्याकडून शिकले.

हे कशासाठी?

आमच्याच एका ज्येष्ठ कार्यकर्तीने मला विचारलं, "मारहाणीच्या केसेस पडून आहेत, रेशनचा प्रश्न आहे, आणि तुम्ही बुधवारी ढोलकी बडवत बसता?" प्रश्न रास्त आहे. केसेसचं काम आमचं थांबलेलं नाही, पण मी तेवढं सांगून सुटणार नाही.

ढोलकी ज्याच्या हातात, तो गाण्याची गती ठरवतो. कडवं संपलं की पुन्हा म्हणायचं की पुढे जायचं, आवाज कधी चढवायचा, कधी थांबायचं, हे सगळं त्याच्या हातात. आमचे भाऊ भले होते, तरी ते दमले की आमचं गाणं संपायचं. हे फक्त गाण्याचं आहे का? सभेचा माइक, संस्थेचं खातं, घरचा पगार, यांचंही असंच असतं. कुणीतरी भला माणूस वाजवत असतो तोवर आपण गातो. तो आला नाही की पोलीस हसतात.

दुसरं असं, की आनंदासाठी वेळ मागणं ही मागणीच आहे. ज्या बाईचे पाच तास घरात बिनमोल जातात, तिने त्यातला अर्धा तास स्वतःच्या हातांसाठी काढला आणि तो आवाज शेजारी ऐकू गेला, तर घरात बरंच काही हलतं. आमच्या एका मैत्रिणीच्या सासूबाई आधी म्हणायच्या, "बंद कर ती कटकट." आता त्या दारात बसून टाळी धरतात. दुसरीच्या घरी मात्र ढोलकी आजही चालत नाही, ती ताटावर बोटांनी सराव करते. दोन्ही खरं आहे.

म्हणून माझं महिला गटांना सांगणं आहे. धडे जरूर पाहा, पण एकटीने नको, मिळून पाहा. गटाच्या पैशातून एक ढोलकी घ्या, जुनी चालेल, पण ती गटाच्या मालकीची असू द्या. ज्या म्हाताऱ्या बायकांना ओव्या, झिम्मा येतो त्यांना शिकणाऱ्यांत नव्हे, शिकवणाऱ्यांत बसवा. पुरुष कार्यकर्त्यांना प्रेमाने सांगा, भाऊ, आज तुम्ही कोरसमध्ये. आणि मुख्य म्हणजे आपले स्वतःचे धडे तयार करा. मी पाहिलेल्या पहिल्या वीसेक धड्यांत शिकवणारी बाई एकच होती. साडी नेसून ढोलकी कशी धरायची, पाळीच्या दिवसांत कंबर दुखत असेल तर कसं बसायचं, बारा तास भांडी घासून आलेल्या हाताला आधी कसं सैल करायचं, हे आपल्यालाच सांगावं लागेल. आमचा पहिला धडा आम्ही गेल्या दिवाळीत चित्रित केला. मावशी त्यात झिम्म्याच्या टाळीतून खाली समजावतात. चित्र हलतं, मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. पण शेजारच्या दोन गावांतल्या बायका त्यावर शिकताहेत.

२०२३ च्या ८ मार्चला आम्ही पुन्हा त्याच तहसील कचेरीवर गेलो. या वेळी ढोलकी आमच्यातल्या भाजीवाल्या मैत्रिणीच्या मांडीवर होती. भाऊही आले होते, मागच्या रांगेत गात होते. फार छान वाजलं असं मी म्हणणार नाही. मध्येच एकदा लय चढली, एकदा एक थाप चुकली. पण तिने पुढची सम बरोबर धरली, आणि शेवटच्या ओळीला आम्ही दीडशे जणी एकदम थांबलो.

तुमच्या गटात ढोलकी कोण वाजवतं? कळवा.